पेरॉक्सिसोम : एका नावाची मर्यादा

१९५४ साली स्टॉकहोम येथे योहानेस रोडिन यांनी उंदराच्या मूत्रपिंडाच्या पेशींत एकपदरी आवरणाचे बारीक कण पाहिले व त्यांस ‘सूक्ष्मपिंड’ या अर्थाचे रूपवाचक नाव दिले. १९६५-६६ मध्ये क्रिस्तियान द दूव्ह यांनी ‘पेरॉक्सिसोम’ हे कार्यवाचक नाव पुढे आणले. कारण घातक हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण करणारी विकरे आणि त्याचे विघटन करणारे कॅटलेज हे विकर या कणांत एकत्र नांदतात. परंतु कार्यवाचक नाव कार्याला एकाच अंगाशी बांधून टाकते. प्राणवायूजन्य ताणापासून पेशीचे रक्षण इतके सुटसुटीत नाही. १९६९ मध्ये मॅककॉर्ड व फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइडचा निरास करणारे विकर दाखवून दिले. १९७३ मध्ये त्याचा मँगनीजयुक्त प्रकार तंतुकणिकांत आढळला. मात्र त्याच्या क्रियेतून पुन्हा हायड्रोजन पेरॉक्साइडच उरते. त्याच्या निरसनास दुसरे विकर लागते. त्याच वर्षी गोल्डफिशर प्रभृतींनी झेलवेगर व्याधीच्या बालकांत पेरॉक्सिसोमचा अभाव आणि तंतुकणिकांतील विकृती या दोन्ही गोष्टी एकत्र नोंदविल्या. नावाने विलग केलेली अंगे व्याधीत अशी परस्परसंबद्ध दिसली. म्हणून या विषयाचा इतिहास एकेका कणाचा न लिहिता त्यांच्या सहकार्याचा लिहिणे इष्ट होय.