घरांतील केर : त्याची कालची व आजची वाट

आश्विन अमावास्येस, लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळीं, महाराष्ट्रांतील अनेक घरांत नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहण्याचा प्रघात आहे. सोन्यानाण्यांच्या शेजारीं शिंदीच्या पानांची ही अल्पमोलाची वस्तु त्या दिवशीं लक्ष्मी म्हणून पाटावर बसते. एरवींही तिला पाय लागला तर नमस्कार करावा, तिन्हीसांजेनंतर केर बाहेर टाकूं नये, हे संकेत जुनेच आहेत. त्यांत भाबडेपणाचा अंश कितीही असो. ज्या साधनानें केर निघतो त्याचा मान धनाच्या बरोबरीनें ठेवावा असें ज्या समाजाला सुचलें, त्यानें स्वच्छतेचा कांहीं विचार केलेला असला पाहिजे. तो विचार कोणता होता, तो कोठें मोडला, आणि त्यांत पहिल्यापासूनच कोणतें व्यंग होतें, हें पाहूं गेल्यास महाराष्ट्रीय गृहजीवनाच्या इतिहासाचें एक बोलकें पान उघडतें.

एकोणिसाव्या शतकांतील मध्यम स्थितीच्या घरांत ओटी, माजघर, स्वयंपाकघर, कोठीची खोली आणि मागें परसूं असा क्रम बहुधा आढळे. भिंतींत कोनाडे व फडताळें, तुळईला टांगलेलें शिंकें, कपड्यांसाठीं आडवी दांडी, कोपऱ्यांत मडक्यांची उतरंड, एवढ्यांत सगळा संसार मावे. सामान थोडें आणि प्रत्येकाची जागा ठरलेली, म्हणून अंधारांतही हात नेमका वस्तूवर पडे. परंतु या घराच्या टापटिपीचें खरें मर्म मागच्या दारीं होतें. न्हाणीचें पाणी पन्हळींतून केळीच्या आळ्यांत जाई. भांडीं विसळल्याचें पाणी अळवाला मिळे. भाजीचीं देठें आणि फळांच्या साली गुरांपुढें पडत. गुरें जें खात नसत तें उकिरड्यावर जाई. आणि उकिरड्यावरचें खत वर्षाकाठीं शेतांत पोंचे. घरांत ज्याला केर म्हणत, तोच परसांत कोणाचें तरी अन्न होई.

यांतील सर्वांत गुणी वस्तु म्हणजे चुलींतील राख. सकाळीं चूल साफ केली कीं निघालेली राख तशीच भांड्यांकडे जाई. लाकडाच्या राखेंत पोटॅशियम कार्बोनेट नांवाचा क्षार असतो. पाण्याशीं गांठ पडतांच तो भांड्यावरच्या तेलातुपाचा चिकटपणा तोडतो, त्याचा कांहीं अंश साबणासारख्या द्रव्यांत पालटतो, आणि राखेचे बारीक कण उरलेला मळ खरवडून काढतात. नारळाच्या शेंडीनें राख चोळणाऱ्या बाईला हें रसायन ठाऊक नसे. पण तिचा हात तें अचूक वापरी. तांब्या-पितळेवरील डागांना मात्र राख पुरी पडत नाहीं. तेथें चिंच किंवा आमसूल लागे, कारण धातूवर चढलेलें पूट आम्लानें विरघळतें. आंबट पदार्थ या भांड्यांत कळकतात, म्हणून कथलाची कल्हई; आणि ती करणारा कल्हईवाला भाता व नवसागर घेऊन दारोदार येई. रेशमी व लोकरी वस्त्रांस तीव्र क्षार मानवत नाहीं, म्हणून त्यांच्यासाठीं रिठा, केंसांसाठीं शिकेकाई. दोहोंतही सॅपोनिन नांवाचें फेसाळ द्रव्य असतें आणि तें मातींत गेल्यावर सहज विरून जातें. भांडीं घासून उरलेली राखही फुकट जात नसे. कडधान्यास कीड लागूं नये म्हणून तें राखेंत घोळवीत, आणि शेवटीं उरली ती झाडांच्या बुडाशीं पडे.

वस्त्रांचा हिशेबही असाच होता. लुगडें विरलें कीं त्याची गोधडी, गोधडींतून निघालेल्या मऊ तुकड्यांचीं बाळुतीं, आणि तींही फाटलीं कीं पोतेरें. त्यांतून जें वांचे त्यासाठीं बोहारीण होती. जुन्या कपड्यांच्या मोबदल्यांत नवें भांडें देतांना ओटीवर जी घासाघीस चाले, ती श्रोत्यांपैकीं अनेकांच्या आजीनें तरी केलीच असेल. त्या घासाघिशींत एक मोठें तत्त्व सांभाळलें जाई : घरांतून बाहेर पडणाऱ्या वस्तूलाही किंमत आहे आणि ती घेणारा माणूस ओळखीचा आहे.

येथवरचें चित्र मोठें सुखाचें वाटतें. परंतु त्याची दुसरी बाजू झांकून ठेवणें हा इतिहासाचा अपलाप होईल. ज्या चुलीची राख इतकी उपयोगी, तिच्याच धुरानें पिढ्यान् पिढ्या बायकांचे डोळे व छाती बिघडली. पाणी शेंदणें, सारवणें, गोवऱ्या थापणें हे श्रम कोणत्याही खातेवहींत मांडले गेले नाहींत. आणि एक केर असा होता कीं त्याची वाट परसांत संपत नसे. शहरांतील टोपलीच्या संडासांतील मैला मागच्या बोळांतून, एकाच समाजाच्या स्त्रीपुरुषांच्या डोक्यावरून बाहेर जाई. घर जितकें अधिक सोवळें, तितका तें शुद्ध राखणारा माणूस अधिक अस्पृश्य, असा हा न्याय होता. जी स्वच्छता आपला मळ दुसऱ्या माणसावर ढकलते, तिला स्वच्छता म्हणतां येणार नाहीं.

हें व्यंग ओळखणारीं माणसेंही याच भूमींत झालीं. १८७६ सालीं वऱ्हाडांत जन्मलेले गाडगे महाराज दिवसा हातांत खराटा घेऊन गांव झाडीत आणि रात्रीं कीर्तनांत लोकांचीं मनें झाडीत. कोंकणांत अप्पासाहेब पटवर्धन यांनीं तर १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत मैलासफाईचें काम स्वतःस मिळावें म्हणून उपोषण आरंभिलें. गांधीजींनींही येरवड्याच्या तुरुंगांत त्यांच्या पाठिंब्यासाठीं अन्न वर्ज्य केलें. पुढें १९४८ सालीं कणकवलीस गोपुरी आश्रम स्थापून, मैल्याचें कोणाही माणसाच्या डोक्यावर न जातां खत कसें होईल, याचे प्रयोग अप्पासाहेबांनीं केले. केर निघावा, परंतु त्यासाठीं माणूस हीन ठरूं नये, हा त्या प्रयोगांचा गाभा होता.

इकडे शहरांत घराचीच घडी बदलत होती. गिरण्यांबरोबर मुंबईंत चाळी उभ्या राहिल्या. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत चूल आली, मोरी आली. फक्त परसूं आलें नाहीं. सवयी जुन्या आणि जागा नवी, अशा स्थितींत जो केर पूर्वी केळीच्या आळ्यांत जाई तो खिडकींतून दोन इमारतींमधल्या घरगल्लींत पडूं लागला. १८९६ सालीं मांडवी भागांत प्लेग प्रकटला आणि या व्यवस्थेचें भीषण रूप सर्वांस दिसलें. कोंदट खोल्यांत ऊन पडावें म्हणून छपरांचीं कौलें उतरविण्यांत आलीं. भिंतींस चुना फासण्यांत आला. सक्तीच्या तपासणीनें लोक संतापले. १८९८ सालीं मुंबईंत इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली व रुंद रस्ते काढण्यास आरंभ झाला. प्रकाश व हवा हींही स्वच्छतेचीं साधनें आहेत, हा धडा शहरानें असा फार मोठी किंमत देऊन घेतला.

त्यानंतरचा बदल आस्ते आस्ते आणि सुगंध दरवळत आला. १८८८ सालीं विलायतेचा सनलाइट साबण कलकत्त्याच्या धक्क्यावर उतरला होता. १९५९ सालीं सर्फ व १९६९ सालीं निरमा या धुण्याच्या भुकट्या बाजारांत आल्या. घराघरांत गॅस आल्यावर राखच उरली नाहीं. बायकांचे श्रम वांचले, डोळे वांचले. हा लाभ लहान नव्हे आणि तो परत देऊन टाका असें कोणी म्हणूं नये. परंतु फेस मोरींतून दिसेनासा झाला म्हणजे संपला असें नसतें. कित्येक धुलाई-द्रव्यांत फॉस्फेट असतें. सांडपाण्याबरोबर तें नदींत गेलें कीं शेवाळ व जलपर्णी यांना खाद्य मिळतें आणि माशांचा श्वास कोंडतो. प्लॅस्टिकच्या पिशवीची कथा त्याहून कठीण. तिला ना गाय खाऊन पचवूं शकते, ना माती. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली, तेव्हां तुंबलेल्या गटारांत याच पिशव्यांचा थर सांपडला. २०१८ सालीं महाराष्ट्र शासनानें त्यांवर बंदी घातली.

मग हरवलेलें परसूं शहराला परत कोणीं दिलें? कांहीं अंशीं तरी, ज्यांच्याकडे कोणी मान वर करून पाहत नसे अशा बायांनीं. पुण्यांत कचरा वेंचणाऱ्या कष्टकऱ्यांनीं १९९३ सालीं ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ या नांवानें आपली संघटना उभारली. तिच्यांतून पुढें ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ सालीं तिनें महानगरपालिकेशीं करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्यास आरंभ केला. कागद गिरणीकडे, कांच भट्टीकडे, पत्रा ओतशाळेकडे, अशी वस्तूंची तुटलेली वाट या बायांनीं पुन्हा जोडली. बोहारणीचेंच हें नवें रूप होय. ओला, सुका व घातक असे कचऱ्याचे भाग घरींच करावे, असें केंद्र सरकारच्या नियमांनीं २०१६ सालीं सांगितलें. पण एकाच डब्यांत सर्व कोंबलें तर आमटींत भिजलेल्या कागदांतून फुटकी कांच उपसण्यासाठीं कोणाचा तरी हात घालावा लागतो, हें नियम वाचल्यावांचूनही कळण्यासारखें आहे.

घर लावणें याचा अर्थ कपाटें वाढविणें असा आज होऊन बसला आहे. जुन्या घराचा इतिहास निराळें सांगतो. वस्तु घरांत आणतांनाच तिची शेवटची वाट ठाऊक असावी; ती माती, नदी किंवा दुसरा माणूस यांपैकीं कोणालाही नासवून जाणारी नसावी. गॅलरींतल्या कुंडींत भाजीचें खत करणें, रेशमी साडीस रिठा लावणें, सुका कागद निराळा ठेवणें, यांत कांहीं मोठा पराक्रम नाहीं. आजारी माणसाच्या खोलींत जंतुनाशक लागेल, तेथें तें अवश्य वापरावें; रोजच्या लादीस मात्र फडकें आणि पाणी पुरतें.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं केरसुणीला हळदकुंकू वाहतांना तिच्या टोंकाशीं लागलेला केर दुसऱ्या दिवशीं कोणाच्या हातीं जाणार, एवढी आठवण राहिली, तर ती पूजा पुरी झाली असें म्हणावयास हरकत नाहीं.