रात्रीच्या उजेडात कोण दिसते?



यंदाच्या व्याख्यानासाठी मंडळाने माझ्याकडे विषय मागितला, तेव्हा अपेक्षा बहुधा होमिओपॅथीची होती. मी ‘शहराच्या रात्रीची छायाचित्रे’ असे सांगितल्यावर फोनवर क्षणभर कोणी बोलेना. साठी उलटलेला डॉक्टर, त्यात जैन घरातला, सूर्यास्ताआधी जेवून मोकळा होणारा. त्याचा रात्रीच्या रस्त्याशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो सप्टेंबर १९९४ पासूनचा आहे. त्याकडे शेवटी येतो. रात्रीचा फोटो काढायला माणूस कसा शिकला ते आधी सांगायला हवे, म्हणजे माझे सांगणे कळेल.

आपल्याकडची सुरुवात मुंबईत झाली. १८५४ साली तिथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. हरिश्चंद्र चिंतामण त्याच वर्गात शिकले आणि पुढे त्यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. सोसायटीच्या कारभारात एक मराठी डॉक्टरही होते, डॉ. नारायण दाजी. राणीच्या बागेतल्या संग्रहालयामुळे डॉ. भाऊ दाजी लाड हे नाव आपल्याला ठाऊक असते. नारायण दाजी हे त्यांचे बंधू. दोघेही ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले. दिवसभर रुग्ण तपासणारा माणूस कॅमेराही हाताळत होता, हे वाचले तेव्हा मला माझ्या छंदाची लाज वाटेनाशी झाली.

मात्र या मंडळींना रात्र वर्ज्य होती. त्यांची पद्धत ओल्या काचेची. काचेवर रसायन ओतायचे, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच अंधाऱ्या खोलीत नेऊन धुवायची. दहा-पंधरा मिनिटांत काच वाळली की सगळे फुकट. भर उन्हातही माणसाला काही सेकंद न हलता बसावे लागे. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले तेच १८६५ साली, आणि त्या उजेडात ओली काच काही टिपू शकत नव्हती. थोडक्यात, सूर्य मावळला की शहर कॅमेऱ्यापुरते नाहीसे होई.

ही अडचण दूर केली तीही एका डॉक्टरने. इंग्लंडमधले डॉ. रिचर्ड मॅडॉक्स यांना ओल्या काचेच्या पद्धतीतल्या ईथरच्या वाफा सोसत नव्हत्या. त्यांनी पर्याय शोधला आणि १८७१ मध्ये जिलेटिनचा थर दिलेल्या कोरड्या काचेची कल्पना मांडली. इतरांनी ती सुधारली. काही वर्षांत अशी काच तयार करून ठेवता येऊ लागली, मंद उजेडातही ती काम देऊ लागली आणि तासभर उघडी ठेवली तरी वाळण्याची भीती उरली नाही. रात्रीच्या छायाचित्रणाचे दार इथे उघडले.

आता माझी अडचण ऐका. जिलेटिन निघते जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यांपासून. पुढे काचेची जागा फिल्मने घेतली, तरी थर जिलेटिनचाच राहिला. तरुणपणी मला कॅमेऱ्याची ओढ होती. वडिलांना हे कुठूनसे कळले आणि त्यांनी एकदाच विचारले, “रीळ कशाचं असतं, माहीत आहे ना?” त्यानंतर मी कॅमेरा घेतला नाही. लग्नाकार्यात दुसऱ्यांनी काढलेल्या फोटोंत मात्र हसत उभा राहिलो. त्यातली विसंगती तेव्हाही दिसत होती, पण वडिलांसमोर ती बोलून दाखवण्याची हिंमत नव्हती. डिजिटल कॅमेरा आला आणि तो पेच सुटला. तोवर केस पिकले होते.

जिलेटिनची काच आल्यावर रात्रीत शिरण्याच्या दोन वाटा निघाल्या. मला पुढे जे शिकायचे होते ते या दोन वाटांमधल्या फरकातच आहे.

पहिली वाट भडक्याची. १८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची झगमगणारी भुकटी तयार झाली. न्यूयॉर्कमधल्या जेकब रीस या पोलीस-बातमीदाराने ती उचलली. गरीब वस्त्यांतल्या खोल्यांत तो रात्री शिरे, भुकटी पेटवी आणि दाटीवाटीने झोपलेली माणसे टिपून निघून जाई. १८९० मध्ये त्याचे पुस्तक निघाले आणि वस्त्यांची दुर्दशा शहराला दिसली. हे काम मोठेच होते. पण त्या चित्रांतले डोळे पाहा. झोपेतून दचकलेली, दिपलेली ती माणसे आहेत. भुकटीमुळे घराला आग लागल्याचेही रीसनेच लिहून ठेवले आहे.

दुसरी वाट थांबण्याची. १८९६ च्या सुमारास पॉल मार्टिनने लंडनचे रस्ते निव्वळ गॅसच्या उजेडात टिपले. त्यानंतर १९३० च्या आसपास पॅरिसमध्ये ब्रासाई आला. हा मूळचा ट्रान्सिल्व्हेनियातला, खरे नाव ग्युला हालास. तिपाई, काचा भरलेला छोटा कॅमेरा आणि खिशात सिगारेटी घेऊन तो रात्र-रात्र हिंडे. कॅमेरा उघडा ठेवून सिगारेट पेटवायची, ती संपली की कॅमेरा बंद. जास्त अंधार असला तर जाड सिगारेट. असे त्याचे घड्याळ. १९३२ च्या अखेरीस त्याचे रात्रीच्या पॅरिसचे पुस्तक आले. तोही कधी भुकटी पेटवी आणि माणसांना सांगून उभे करी, पण आधी त्यांच्यात बसून ओळख करून घेई.

मधल्या काळात मुंबईत काय घडत होते? सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्या साथीची छायाचित्रे आजही जपलेली आहेत: घरतपासणीला निघालेली पथके, पाण्याचे बंब लावून धुतली जाणारी घरे, रुग्णालयाच्या खाटा, स्टेशनावरची तपासणी. मला पाहायला मिळालेली यातली सगळी छायाचित्रे दिवसाउजेडातली आहेत. रात्री गाठोडी बांधून निघालेली कुटुंबे त्यांत नाहीत, आणि रात्री प्रेते उचलणारे हातही नाहीत. सरकारच्या कॅमेऱ्याने साथ पाहिली ती सरकारी वेळेत.

आपल्या दाराशीही एक मोठे नाव आहे. होमाई व्यारावाला यांचा जन्म १९१३ चा, इथून तासाभरावरच्या नवसारीतला. भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून देश त्यांना ओळखतो. मुंबईत माणेकशा व्यारावाला यांच्याकडून त्या कॅमेरा शिकल्या आणि सुरुवातीची त्यांची छायाचित्रे माणेकशांच्याच नावाने छापून आली. अलीकडच्या काळात सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे आयुष्य टिपले; २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ती चित्रे पाहिली की कळते, या माणसाने कामगारांसोबत खूप वेळ काढला आहे. माझ्या मते ही ब्रासाईचीच वाट, फक्त सिगारेटीविना.

आता उधना. आपल्यापैकी बहुतेकांचे आजोबा-वडील ताप्ती व्हॅलीच्या रुळांवरून इथे उतरले. अमळनेर, नंदुरबार, धुळे, जळगाव असे ज्याचे त्याचे गाव. माझे घराणे अमळनेरचे. ज्या लूमने आपल्या घरांना भाकर दिली ती दोन पाळ्यांत चालते. म्हणजे अर्धे उधना रात्री जागे असते, आणि तीस वर्षे दवाखाना चालवूनही मी ते पाहिले नव्हते. होमिओपॅथीत आम्ही रुग्णाला आवर्जून विचारतो, त्रास कोणत्या वेळी वाढतो? “रात्री” असे उत्तर मी हजारो वेळा लिहून घेतले. रात्री ते कुठे असतात, हे क्वचितच विचारले.

तीन वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या रुग्णाच्या मुलाकडून मी शिकायला लागलो. तो लग्नाचे फोटो काढतो आणि मोकळ्या रात्री रस्त्यावरचे. पहिला धडा दिव्यांचा. आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. शटर फार वेगात ठेवले तर चित्रावर काळे पट्टे उमटतात. पन्नासावा किंवा शंभरावा भाग ठेवला तर ते टळतात. दुसरा धडा अंधाराचा. दिव्याखालची जागा नीट दिसेल इतकाच उजेड घ्यायचा आणि बाकीचे काळे राहू द्यायचे. तिसरा धडा हाताचा. खांबाला पाठ टेकायची, श्वास सोडायचा आणि मग बटण दाबायचे. या वयात हात थरथरतो, म्हणून खांब मला विशेष प्रिय झाले.

चौथा धडा मला लागला तो उधना स्टेशनबाहेर. रातपाळी सुटल्यावर एक कामगार हातगाडीवर, ताक्यांच्या गठ्ठ्याला टेकून झोपला होता. वरून दिव्याचा झोत. फोटो सुरेख आला. मी कौतुकाने दाखवला. पोरगा म्हणाला, “काका, हा तुमचा पेशंट असता तर न विचारता तपासला असता का?” मी तो फोटो तिथेच पुसला. पुढचे चार-पाच महिने कॅमेरा बहुधा पिशवीतच राहिला. चहाच्या लारीवर बसायचो, लोक बोलायचे. कोणी गुडघे दाखवायचे, कोणी लेकीच्या दम्याबद्दल विचारायचे. मग त्यांतलेच कोणी म्हणायचे, “डॉक्टर, आज नाही का काढत?”

मागच्या हिवाळ्यात रात्री एकच्या सुमारास उधना दरवाज्याकडच्या रस्त्यावर एक सफाई कामगार बाई झाडत होत्या. फोटो काढू का, असे विचारले. मराठी-गुजराती मिसळून म्हणाल्या, “काढा, पण आधी बसा, मीही बसते.” बोलता-बोलता म्हणाल्या, सासूही हेच काम करायची, प्लेगच्या वेळीसुद्धा. मग सहज विचारले, “तुम्ही तेव्हा कुठे होता?”

हाच तो संबंध. सप्टेंबर १९९४. गणपती विसर्जन नुकतेच झाले होते. तापीच्या पुरानंतर शहरात घाण साचली होती आणि प्लेगची बातमी पसरली. टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल मिळेनाशा झाल्या, लाखो लोक शहर सोडून निघाले. देशभरातल्या मृत्यूंचा अधिकृत आकडा अखेर पन्नासच्या आसपासच राहिला, पण त्या रात्री ते कोणाला ठाऊक होते? मी दवाखान्याला कुलूप लावले आणि पत्नी-मुलांना घेऊन अमळनेरची गाडी पकडली. माझा कंपाउंडर मागे राहिला. मी परतलो तेव्हा कळले, तो रोज बंद दवाखान्याच्या पायरीवर बसत होता आणि येणाऱ्याला कॅप्सूल कुठे मिळतील ते सांगत होता. मी त्याला कधी काही विचारले नाही. तोही काही बोलला नाही. तो आता हयात नाही.

त्या बाईंना मी म्हणालो, “गावाला गेलो होतो.”

“सगळेच गेले होते,” त्या म्हणाल्या, आणि झाडू हातात घेऊन दिव्याखाली उभ्या राहिल्या.

प्लेगनंतर १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले आणि सुरत स्वच्छतेसाठी नावाजली गेली. ते श्रेय त्यांना द्यावेच. पण त्या आधीच्या रात्री शहर कोणी धरून ठेवले, याचे चित्र आपल्याकडे नाही. मुंबईच्या १८९६ च्या रात्रीचे नाही, कारण तेव्हाच्या सरकारी कॅमेऱ्याला दिवसच दिसत होता. १९९४ मध्ये ते सबब चालत नाही. यंत्र होते, दिवे होते. माझ्यासारखी पाहू शकणारी माणसे गाडीत बसली होती.

म्हणून मंडळापुढे एक विनंती ठेवतो. आपल्या घरांतल्या ट्रंकांमध्ये त्या दिवसांचे फोटो असतील तर ते काढा. फोटो नसतील तर त्या रात्री गल्लीत, गिरणीत, दवाखान्यात मागे कोण राहिले त्यांची नावे, त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारून, लिहून मंडळाकडे द्या. पहिला कागद मी आज अध्यक्षांकडे देत आहे. त्यावर माझ्या कंपाउंडरचे नाव आहे, त्याच्या मुलीच्या परवानगीने.