तळटीप २३ : पुरुषांना शिकवण्याची हरकत

२३. वाद प्रार्थनामंदिरातल्या उपदेशाचा नव्हता, साध्या वर्गाचा होता. १८८३मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यानंतर पंडिता रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे, असा विषय निघाला आणि मुंबई व लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. कारण काय, तर हे कळले तर हिंदुस्थानात बाईंचे वजन राहणार नाही! गंमत अशी, की त्याच हिंदुस्थानात, कलकत्त्यात, पंडितांच्या सभेने त्यांना ‘सरस्वती’ म्हटले होते. रमाबाईंनी प्राचार्या डोरोथिया बील यांना लिहिले, की आपण वा आईने तरुणांना शिकवण्याला वडिलांनी वा पतीने कधी मना केले नाही.

अशा वादात एरवी पुढे केले जाते ते तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातले, स्त्रीने पुरुषाला शिकवू नये वा त्याच्यावर अधिकार गाजवू नये, हे वचन (२:१२). तिथला ‘अधिकार गाजवणे’ या अर्थाचा ग्रीक शब्द नव्या करारात दुसरीकडे कुठेच येत नाही, त्यामुळे त्याच्या छटेवर अभ्यासकांचे एकमत नाही. शिवाय प्रेषितांच्या कृत्यांत (१८:२६) प्रिस्किल्ला पतीसह अपुल्लोसाला शिकवतेच. पुढे रमाबाईंनी अख्खे बायबल मराठीत आणले. त्यात हे वचनही आलेच.