खोगीर आणि घोड्याची पाठ

घोड्याच्या पाठीत 18 वक्षीय आणि बहुधा 6 कटिमणके असतात. त्यांच्या दोन्ही अंगांनी लाँजिसिमस डॉर्साय हा पाठीतला सर्वांत मोठा स्नायू जातो. खोगीर बसते ते नेमके याच्यावर. पण ओझे पेलणे हे त्याचे काम नव्हे. चालता-धावताना कणा स्थिर राखणे हे त्याचे काम. त्याच्या खाली, कण्याला लागून असलेला मल्टिफिडस मणके एकमेकांशी धरून ठेवतो.

स्वार बसला की पाठ खाली दबते. नेदरलँड्समधील संशोधकांनी 2004 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खोगिरावर 75 किलो वजन ठेवताच हे मोजमापातही दिसले. घोड्याने मान पुढे-खाली सोडली आणि पोटाचे स्नायू आवळले, तर पाठ पुन्हा उचलली जाते. लगाम खेचून मान वर धरली, तर ती अधिकच खचते आणि मणक्यांचे वरचे काटे एकमेकांजवळ येतात.

खोगीर अरुंद असेल तर खांद्यामागे चिमटा बसतो. तिथला स्नायू झिजतो आणि खळगा पडतो. तो भरण्यासाठी खोगिराखाली आणखी जाड नमदा घालणे म्हणजे अरुंद जोड्यात दुसरा मोजा घालणे. खोगीर फार रुंद असेल तर ते थेट कण्यावर टेकते. पुढे-मागे टेकून मध्ये अधांतरी राहणारे खोगीर सगळा भार चार ठिकाणी टाकते. खोगिराची जागा खांद्याच्या फऱ्यामागे. शेवटच्या बरगडीच्या मागे त्याचा भार जाऊ नये. ‘खोगीरभरती’ हा शब्द मराठीत निरुपयोगी भरण्यासाठी रूढ झाला, हा त्या भरतीवर अन्यायच आहे. खोगिरातली भरती दबून तिचे गठ्ठे झाले की पाठ सोलवटलीच.

माथेरानला मोटारींना बंदी असल्याने प्रवासी आणि सामान दोन्ही घोड्यांवर चढते. तिथे प्रश्न केवळ वजनाचा नाही. पर्यटक बहुधा नवखा असतो. तो एका बाजूला कलतो, रिकिबीत असमान रेटा देतो आणि घोडा तो तोल पाठीच्या एकाच बाजूने सावरत राहतो. उतारावर खोगीर खांद्यांवर सरकते. ते मागे धरून ठेवण्यासाठी शेपटीखालून दुमची घालतात. पोटाखालून बांधायचा तंग जास्त आवळून हे साधत नाही, उलट श्वास आणि चाल दोन्ही अडतात.

सततच्या दाबाने केसांची मुळे दुखावतात आणि तिथे पांढरे केस उगवतात. घामेजलेल्या पाठीवर मध्येच राहिलेला कोरडा डाग हीसुद्धा दाबाची खूण असू शकते. तंग आवळताना घोडा कान मागे पाडतो किंवा चावायला वळतो, तेव्हा त्याला खोडकर ठरवण्याआधी पाठ तपासावी. घोड्याचे वय, खुराक आणि काम बदलले की पाठीचा आकारही बदलतो, म्हणून एकदा बसलेले खोगीर जन्मभर बसत नाही.

घोडा पाळणाऱ्याने रोज खोगीर उतरवल्यावर कण्याच्या दोन्ही बाजूंनी तळहात फिरवावा. जिथे कातडी थरथरेल किंवा घोडा पाठ चोरेल, तिथे पशुवैद्याने पाहीपर्यंत खोगीर चढवू नये.