देवळालीची राहुटी

खांबांवर उभा केलेला आणि दोरांनी ताणून धरलेला कापडी निवारा म्हणजे राहुटी. लहान असेल तर पाल, मोठी असेल तर तंबू. वारकऱ्यांच्या मुक्कामापासून लष्करी छावणीपर्यंत तिचा वापर आहे. नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पात मात्र राहुटीच्या मुक्कामाला समुद्राचा संदर्भ होता. मुंबईचे बंदर इथून रेल्वेने सुमारे 180 किलोमीटर, तरी इथे झोपणारा शिपाई बोटीची वाट पाहत असे.

ब्रिटिशांनी 1861 मध्ये इथे लष्करी ठाणे बसवले. 1865 मध्ये कसाऱ्याच्या घाटातून रेल्वे वर आली आणि बंदरावर उतरलेली पलटण घाटमाथ्यावर आणणे सोपे झाले. मुंबईची दमट हवा, दाटी आणि साथी यांपासून फौज दूर ठेवायची होती. साडेपाचशे मीटरांच्या आसपासचे हे कोरडे पठार त्यासाठी योग्य होते. विलायतेहून आलेले नवे शिपाई इथे थांबून पुढे देशभर जात. मुदत संपलेले शिपाई उलट वाटेने येऊन इथेच परतीच्या बोटीची वाट पाहत. जागा बराकींत असे, आणि गर्दीच्या दिवसांत राहुट्यांतही.

सैन्य नेणाऱ्या बोटींचा हंगाम साधारण हिवाळ्याचा, कारण उन्हाळ्यात तांबड्या समुद्रातला उकाडा माणसांना सोसत नसे. 1869 मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर क्रोकोडाइल, युफ्रेटिस, जमना, मलबार आणि सेरापिस या पाच सरकारी बोटी पोर्ट्समथ ते मुंबई अशा फेऱ्या करू लागल्या. वसंतातली शेवटची बोट चुकली की पुढच्या हंगामापर्यंत थांबणे आले. मधले उन्हाळा आणि पावसाळा हे दोन्ही ऋतू देवळालीतच काढायचे, तेही फारसे काम नसताना.

रचना : मधला खांब किंवा दोन खांबांवरचे आढे, त्यावर छत, बाजूंना कनाती, आणि जमिनीत ठोकलेल्या मेखांना बांधलेले तणावे. लष्करी राहुटीची ओळख बहुधा वजनावरून, जसे 40 पौंडी, 180 पौंडी. उष्ण प्रदेशातल्या मोठ्या तंबूला दोन छते असतात. ऊन वरच्या छतावर अडते आणि मधल्या पोकळीतून हवा खेळते, म्हणून आतले कापड कमी तापते. भोवती चर खणला नाही तर पहिल्याच सरीत अंथरूण भिजते. मुरमाड जमिनीत मेख ठोकायला दमछाक होते, पण एकदा बसली की हलत नाही. किनाऱ्यावरच्या वाळूत हीच मेख वाऱ्याने उपसून येते. तिथे लाकूड आडवे पुरून किंवा वाळूचे पोते गाडून त्याला तणावा बांधतात.

राहुटीत झोपणाऱ्याला दोन गोष्टी पहिल्या रात्रीच कळतात. दव किंवा पाऊस पडला की सुताचा दोर आखडतो. झोपण्यापूर्वी तणावे जरा सैल केले नाहीत तर पहाटे मेख उपटते किंवा कापड फाटते. दुसरी गोष्ट म्हणजे ओल्या छताला आतून हात लावायचा नाही. बोट टेकले त्या जागी पाणी पाझरू लागते आणि मग रात्रभर थांबत नाही.

या मुक्कामाने इंग्रजीला एक शब्द दिला. गोऱ्या शिपायांनी देवळालीचे ‘डूलाली’ केले आणि ‘डूलाली टॅप’ म्हणजे डोके फिरणे, असा अर्थ रूढ झाला. यातला ‘टॅप’ हिंदुस्थानी बोलीतून उचललेला, म्हणजे आपला तापच. फ्रँक रिचर्ड्स या जुन्या शिपायाच्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ (1936) या आठवणींत देवळालीतल्या या रखडलेल्या दिवसांचे वर्णन आहे. पुढे शब्दातला ताप गळून पडला आणि ‘डूलाली’ एवढाच शब्द वेडसर या अर्थाने उरला. हा गावावर झालेला अन्याय आहे. माणसे खचली ती ताप, रिकामपण आणि न येणाऱ्या बोटीमुळे. त्यात देवळालीच्या हवेचा दोष नव्हता. याच हवेसाठी पुढे मुंबईच्या पारशी आणि गुजराती मंडळींनी इथे आरोग्यधामे बांधली.

दुसऱ्या महायुद्धातही ही छावणी येणाऱ्या-जाणाऱ्या फौजांनी गजबजलेली होती. जिमी पेरी हा तोफखान्यातला तरुण तेव्हा देवळालीत सैनिकांच्या करमणुकीच्या पथकात होता. त्याने डेव्हिड क्रॉफ्टसोबत लिहिलेली ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ ही बीबीसीची मालिका (1974–1981) सुरुवातीला देवळालीतच घडते. काकूल येथील तोफखान्याचे विद्यालयही इथे आले, आणि देवळालीची लष्करी ओळख पुढे त्याच्याशी जोडली गेली.

फाळणीनंतर आलेल्या माणसांची नोंद इंग्रजी कोशांतल्या ‘डूलाली’खाली सापडत नाही. मराठी कोशात ती असायलाच हवी. सिंधमधली अनेक निर्वासित कुटुंबे कराचीहून बोटीने मुंबईला उतरली. सरकारने त्यांना ठिकठिकाणच्या रिकाम्या लष्करी छावण्यांत जागा दिली. सर्वांत मोठी कल्याणची, जिचे पुढे उल्हासनगर झाले. देवळाली त्यांपैकीच एक. ही माणसेही बंदरावरून घाट चढून आली होती, पण त्यांना परत नेणारी बोट नव्हती. कॅम्पातल्या सिंधी वस्तीची सुरुवात त्या छावणीपासून आहे.