आजोबांचे जुने ट्रॅक्टर विकायचेत? भंगारवाल्याला 'हो' म्हणण्याआधी हे वाचा

गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तीन-चार जुने ट्रॅक्टर उभे असतात. एक आजोबांनी घेतलेला, दुसरा चुलत्यांनी लिलावात आणलेला, तिसरा पार्टसाठी म्हणून घेतला आणि तसाच राहिला. टायर बसलेले, सीटखाली कोंबडीने घर केलेलं. दर उन्हाळ्यात भंगारवाला टेम्पो घेऊन येतो. "दादा, उभ्या-उभ्या गंजतंय, काटा करून टाका," म्हणतो. घरातला एक जण तयार होतो, दुसरा अडवतो आणि विषय पुढच्या उन्हाळ्यावर जातो.

अशी शेड बऱ्याच गावांत आहे. विकायला हरकत नाही. पण जुन्या ट्रॅक्टरची किंमत एक नसते, तीन असतात. दारात आलेला माणूस त्यातली सगळ्यात कमी सांगतो. आणि घाईत झालेल्या व्यवहारात पैशाइतकंच नुकसान कागदाचं आणि भाऊबंदकीचंही होतं.

आधी ओळख पटवा

भारतात जुळणी करून तयार झालेला पहिला ट्रॅक्टर आयशरचा. तो २४ एप्रिल १९५९ रोजी फरिदाबादच्या कारखान्यातून बाहेर पडला. त्याआधी आणि नंतरही काही वर्षं रशिया, झेकोस्लोव्हाकिया, पोलंड अशा देशांतून ट्रॅक्टर येत. १९६० च्या दशकात टॅफेचा मॅसी फर्ग्युसन आला. १९६३ मध्ये महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीसोबत सुरू केलेल्या कारखान्यातून 'बी-२७५' गावोगाव पोचला. १९७१ मध्ये एचएमटीने झेटरच्या धर्तीवर ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली. त्याच सुमाराला एस्कॉर्ट्सने फोर्ड ३००० आणला. १९७४ मध्ये स्वराज आला. आपल्या राज्यात नाशिकला किर्लोस्करचा ट्रॅक्टर बनत होता.

ही माहिती भावासाठी महत्त्वाची आहे. ज्या कंपनीचे ट्रॅक्टर अजून बाजारात आहेत, त्यांचे पार्ट तुलनेने सहज मिळतात, म्हणून असा जुना ट्रॅक्टर कामासाठी घेणारा भेटतो. बंद पडलेल्या कंपनीचा ट्रॅक्टर कामाला अवघड, पण हौशी माणसाला तोच हवा असतो. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय केंद्राने २०१६ मध्ये घेतला. तरी पंजाबात एचएमटी ५९११ ची क्रेझ आहे. गायक सिद्धू मूसेवालाची अंत्ययात्रा २०२२ मध्ये त्याच्या आवडत्या ५९११ वरूनच निघाली होती.

साल ओळखायची सोपी खूण म्हणजे नंबर. १९८९ च्या आसपास 'एमएच' आणि जिल्ह्याचा आकडा असलेले नंबर सुरू झाले. त्याआधीच्या नंबरात तीन अक्षरं आणि पुढे आकडे असत. पक्कं साल मात्र आरसी बुकावर आणि कंपनीच्या पट्टीवर सापडतं. चेसिस नंबर आणि इंजिन नंबरवरचा गंज कपड्याने आणि डिझेलने पुसावा. छिन्नी किंवा ग्राइंडर लावू नये. नंबर खराब झाला तर पुढे आरटीओत तोच संशयाचा मुद्दा होतो.

एका ट्रॅक्टरच्या तीन किमती

पहिली, भंगाराची. हिशेब साधा आहे, वजन गुणिले किलोचा भाव. ३५ एचपीच्या आसपासचा जुना ट्रॅक्टर साधारण दीड ते दोन टन भरतो. समजा वजन १,८०० किलो आणि भाव ३० रुपये धरला, तर ५४,००० रुपये होतात. भाव रोज बदलतो, म्हणून त्या दिवशी दोन-तीन ठिकाणी फोन करून विचारावं. बीड, लोखंड, तांबं आणि ॲल्युमिनियम यांचे भाव वेगळे असतात. वजन व्यापाऱ्याच्या काट्यावर न करता बाहेरच्या वजनकाट्यावर करून पावती घ्यावी. यापेक्षा खाली कुणालाही द्यायचं नाही, ही झाली तळाची किंमत.

दुसरी, कामाची. ट्रॅक्टर चालू असेल किंवा थोड्या खर्चात चालू होत असेल, तर तो फवारणीला, पाणी ओढायला, ट्रॉलीला कुणाला तरी लागतोच. आसपासच्या गावांत तसाच ट्रॅक्टर गेल्या सहा महिन्यांत खरंच कितीला गेला, ते विचारावं. मोबाइलवर दिसते ती मागणीची किंमत. व्यवहार बहुतेक वेळा त्याखालीच होतो. मग एकमेकांना न सांगता दोन मेस्त्री बोलवावेत आणि दुरुस्तीचा अंदाज घ्यावा. चालू ट्रॅक्टरच्या भावातून तो खर्च वजा केला की आपली किंमत निघते.

तिसरी, हौसेची. फार्महाऊस, कृषी पर्यटन केंद्र, ढाबा, शूटिंगला सामान पुरवणारे आणि खरे संग्राहक जुना ट्रॅक्टर शोधत असतात. इथे एचपी कुणी विचारत नाही. बोनेट, जाळी, कंपनीचं नाव कोरलेली पट्टी, मडगार्ड, मीटर, दिवे मूळचे आहेत का, एवढंच पाहतात. मॉडेल दुर्मीळ आणि कागद शाबूत असेल तर ही किंमत भंगाराच्या कितीतरी वर जाते. पण असं गिऱ्हाईक रोज दारात येत नाही. त्यासाठी काही महिने थांबायची तयारी लागते.

चार ट्रॅक्टर असतील तर चारही एकाच मापाने मोजू नयेत. एक हौसेचा, दोन कामाचे आणि एक निव्वळ पार्टचा, अशी वाटणी निघू शकते. "सगळे मिळून एवढे देतो" म्हणणाऱ्याला चांगला ट्रॅक्टर स्वस्तात हवा असतो.

रंग मारू नका, पार्ट विकू नका

विकायच्या आधी लोक हमखास एक चूक करतात. ट्रॅक्टर चकाचक दिसावा म्हणून भडक रंग मारतात. हौशी गिऱ्हाईकाला उडालेला मूळ रंग चालतो, नवा चुकीचा रंग चालत नाही. कामाचं गिऱ्हाईकही ताजा रंग पाहून विचारतं, "खाली काय लपवलंय?" पाण्याने धुणं आणि किडूकमिडूक काढणं पुरेसं आहे.

दुसरी चूक म्हणजे डायनॅमो एकाला, रेडिएटर दुसऱ्याला, रिम तिसऱ्याला. सुट्या पार्टचे चार पैसे येतात आणि उरलेला सांगाडा फक्त काट्यावर जातो. कोपऱ्यात पडलेली जुनी जाळी, मूळ सीट, हँडल, कंपनीचं माहितीपुस्तक, खरेदीची पावती असं सगळं एका जागी गोळा करून ट्रॅक्टरबरोबरच दाखवावं.

वर्षानुवर्षं उभा ट्रॅक्टर थेट सेल्फ मारून किंवा ढकलून सुरू करू नये. टाकीत गाळ, सायलेन्सरमध्ये उंदराचं घर आणि पिस्टन जाम असू शकतो. ऑइल, पाणी, डिझेल बदलून आधी इंजिन हाताने फिरतंय का, ते मेस्त्रीकडून पाहून घ्यावं. गिऱ्हाईकासमोर थंड इंजिन सुरू झालं, तर बोलीची ताकद वाढते.

कागद नसेल तर किंमत अर्धी

शेतीचा ट्रॅक्टर कायद्याने बिगर-वाहतूक वाहनात मोडतो. त्याची नोंदणी १५ वर्षांची आणि नंतर तपासणी होऊन ५-५ वर्षांनी नूतनीकरण. '१० वर्षं झाली की ट्रॅक्टर भंगारात' हा व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज खोटा आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने तसा खुलासाही केला आहे. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, तिचे कागद वेगळे पाहावेत.

जुन्या नंबरचा ट्रॅक्टर बहुतेक वेळा ऑनलाइन दिसत नाही. मूळ आरसी बुक घेऊन आरटीओत 'बॅकलॉग एन्ट्री'ची विचारणा करावी. आरसी हरवली असेल तर पोलिसांत हरवल्याची नोंद करून फॉर्म २६ ने दुय्यम प्रत मागता येते. इंजिन बदललेलं असेल तर त्याची नोंद आरसीवर आहे का, तेही पाहावं.

बोजा हा नेहमीचा अडथळा. कर्ज केव्हाच फिटलेलं असतं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच राहतं. बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ दिला की ते निघतं. अनेक जुने ट्रॅक्टर भूविकास बँकेच्या कर्जातून घेतलेले आहेत. या बँका बंद झाल्या आणि थकीत कर्जमाफीचा निर्णय राज्य सरकारने २०२२ मध्ये घेतला. अशा प्रकरणात दाखल्यासाठी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधक कार्यालयात चौकशी करावी. सातबाऱ्यावरचा बोजाही त्याच वेळी तपासून घ्यावा.

'अँटिक' या शब्दाने मात्र फसू नये. पुरातन वस्तूंच्या १९७२ च्या कायद्यात साधारण १०० वर्षांची अट आहे, १९६०-७० चा ट्रॅक्टर त्यात बसत नाही. २०२१ चे 'व्हिंटेज' वाहनांचे नियमही दुचाकी आणि खासगी चारचाकी गाड्यांसाठी आहेत. "व्हिंटेज नंबर काढून देतो, आधी पैसे भरा" असं कुणी म्हणालं, तर त्याला दारातूनच परत पाठवावं.

ट्रॅक्टर कुणाचा? आधी घरात बसा

आरसीवर आजोबांचं नाव असेल आणि ते हयात नसतील, तर ज्याच्या शेडमध्ये ट्रॅक्टर आहे तो एकटा मालक होत नाही. मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आई, पत्नी, मुलं आणि मुली यांचा सारखा हक्क असतो. आधी वारलेल्या मुलाच्या कुटुंबाचाही वाटा असतो. लग्न होऊन गेलेल्या बहिणी, आत्या यात येतात. "लोखंडात कसला वाटा" म्हणून त्यांना न विचारता विकलं, की पन्नास हजारांसाठी वर्षानुवर्षांचं येणं-जाणं बंद होतं.

मालकाच्या मृत्यूनंतर नाव बदलायला फॉर्म ३१ लागतो. नियमाने हा अर्ज तीन महिन्यांत करायचा असतो. उशीर झाला तर दंड भरावा लागतो, पण मार्ग बंद होत नाही. सोबत मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि इतर वारसांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र लागतं. हयात मालकांना आता आरसीवर नॉमिनी लावता येतो. हे काम वेळेत केलेलं बरं.

घरच्या बैठकीत तीन गोष्टी लिहून सह्या घ्याव्यात. कोणता ट्रॅक्टर विकायचा, किती रुपयांच्या खाली द्यायचा नाही, आणि पैसे कसे वाटायचे. एखाद्या भावाला ट्रॅक्टर ठेवायचाच असेल, तर कामाच्या भावाने किंमत धरून ती त्याच्या वाट्यातून वळती करावी.

व्यवहार करताना

विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. परराज्यात विकताना फॉर्म २८ ची एनओसी काढावी. कोऱ्या फॉर्मवर सही कधीही करू नये. "एजंट भरून घेईल" म्हणून दिलेली सही पुढे महागात पडते. नाव बदललं नाही आणि त्या ट्रॅक्टरने अपघात केला, तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे.

एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, ते बँकेतूनच घ्यावेत. ऑनलाइन गिऱ्हाईक "क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील" म्हणालं तर फोन ठेवावा. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. आरसीचा आणि आधारचा फोटो अनोळखी नंबरवर पाठवू नये. पूर्ण रक्कम खात्यात दिसल्याशिवाय ट्रॅक्टर शेडबाहेर काढू नये.

खरंच भंगारात द्यायचा असेल तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्यावा आणि दाखला घ्यावा. कुठेही दिला तरी आरटीओत नोंदणी रद्द करायला विसरू नये. वाहन कायमचं निकामी झालं की १४ दिवसांत कळवणं ही मालकाचीच जबाबदारी आहे.

थोडक्यात लक्षात ठेवा

– प्रत्येक ट्रॅक्टरच्या चारही बाजूंचे, नंबरांचे आणि पट्टीचे फोटो काढा.
– भंगार, काम आणि हौस अशा तिन्ही किमती वहीत लिहा.
– आरसी, बोजा आणि वारसांची संमती आधी, गिऱ्हाईक नंतर.
– रंग नको, पार्ट सुटे नकोत, कोरी सही नको.
– नाव बदललेली आरसी पाहिल्याशिवाय व्यवहार पूर्ण झाला असं समजू नका.

चार ट्रॅक्टर विकून एक ठेवणारी घरंही आहेत. खंडेनवमीला त्यालाच हार पडतो आणि नातवंडं त्याच्याच सीटवर बसून फोटो काढतात. कोणता ठेवायचा, हे घरच्यांनी ठरवायचं आहे. भंगारवाल्याच्या टेम्पोत जागा किती, यावर ते ठरू नये.