ऐनाची ढोली आणि फळीची पेटी

लोधिवली, चौक, मोहोपाडा या टापूत लावलेल्या सागाच्या किंवा ऑस्ट्रेलियन बाभळीच्या रानात शिरावे तर सावली मिळते, पायाखाली पाचोळा मिळतो, ढोली मात्र मिळत नाही. झाडे एका वयाची, एका जाडीची, सरळसोट. वठलेली फांदी दिसली की ती सरपणाला जाते. दयाळ, वल्गुली, हुदहुद, पिंगळा, साळुंकी हे ढोलीत वीण घालणारे पक्षी अशा रानात येतात, किडे टिपतात आणि विणीचे दिवस आले की दुसरीकडे जातात. पिलांच्या चोचीत दिवसभर अळ्या भरायच्या असतात त्याच दिवसांत रान रिकामे पडते. इथे घरट्यांच्या पेट्या टांगायची कल्पना काढली तर ती परदेशी हौस समजली जाते. माझे म्हणणे उलटे आहे. हा टापू ज्यात येतो त्या कर्जत-खालापूरच्या रानाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर ही पेटी इथून गेलेल्या एका वस्तूची भरपाई ठरते, आणि ती वस्तू कशी गेली हे सांगता येते.

या भागातली भातशेती राबावर उभी होती. दाढ, म्हणजे भाताची रोपे, टाकायच्या जागेवर शेण, कवळ (झाडांच्या छाटलेल्या डहाळ्या), गवत, पाचोळा आणि वरून माती असे थर रचायचे आणि उन्हाळ्यात ते भाजायचे. तणाचे बी जळते, राख मिळते, रोप जोमाने येते. यासाठी लागणारी कवळ वरकस, म्हणजे भात न पिकणाऱ्या चढाच्या, जमिनीतल्या झाडांवरून यायची आणि त्यात मान ऐनाचा. मगरीच्या पाठीसारखी साल असलेला हा ऐन कोयत्याचे घाव सोसतो आणि पुन्हा फुटतो. वारंवार छाटलेला ऐन उंच जात नाही. त्याचे खोड ठेंगणे, जाड, गाठीगाठींचे होते. फांदी तोडलेल्या जागी पाणी मुरते, बुरशी शिरते, गाभा कुजतो, कडेने साल वळत येते आणि बऱ्याच वर्षांनी तिथे मूठ जाईल एवढे भोक पडते. इंग्रजी जंगलखात्याला ही झाडे म्हणजे निव्वळ नासाडी वाटे. 1878 च्या जंगल कायद्यानंतर ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत एवढा असंतोष माजला की 1885 मध्ये मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. 1887 मध्ये त्याचा अहवाल आला, त्यात राबाची कवळ हा वादाचा एक मोठा मुद्दा होता. वनाधिकाऱ्यांचे म्हणणे खोटे नव्हते. इमारतीसाठी अशा ऐनाचा उपयोग जवळजवळ नाहीच. पण अधिकारी झाड घनफुटांत मोजत होते. शेतकरी ते राखत होता, कारण मेलेले झाड कवळ देत नाही. युरोपातही शेंडे छाटत आलेले जुने ओक आणि विलो आज ढोलीतल्या पक्ष्यांची आणि वटवाघळांची हक्काची घरे मानली जातात. ऐनाबद्दलचा माझा तर्क त्याच वाटेने जातो. राबाने रान ठेंगणे केले हे खरेच, पण त्याच राबाने ते म्हातारे आणि पोकळही होऊ दिले.

पुढची पडझड थोडक्यात सांगता येते. मुंबईच्या चुलींसाठी कोळशाच्या भट्ट्या लागल्या. ठेकेदारांसाठी ते काम कातकऱ्यांनी केले आणि त्यांच्या हाती फार थोडे उरले. युरियाची गोणी आली तसा राब मागे पडला आणि वरकसातला ऐन राखण्याचे कारणच सरले. 1975 च्या खाजगी वने संपादन कायद्याने अनेकांच्या डोंगरउताराची मालकी बदलली. 1982 पासून सामाजिक वनीकरणाने निलगिरी आणि सुबाभूळ अशी झटपट वाढणारी झाडे गावोगाव नेली. नव्वदच्या दशकात सागाच्या योजनांची लाट आली, मग फार्महाउसची. झाडे पुन्हा लावली गेली, हे चांगलेच झाले. पण लावलेले झाड ढोलीच्या वयाला पोचायला कित्येक दशके लागतात, आणि बहुतेक झाडे त्याआधीच तुटतात.

याच काळात किड्यांचा प्रश्न रसायनाने कायमचा सुटेल असा विश्वास होता. तो विश्वास या टापूत कारखान्याच्या रूपानेच उभा राहिला. 1953 मध्ये हिवतापाविरुद्ध देशव्यापी मोहीम सुरू झाली, 1954 मध्ये डीडीटी बनवण्यासाठी हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स ही सरकारी कंपनी निघाली आणि पुढे तिचा एक कारखाना लोधिवलीजवळ रसायनीला आला. डीडीटीने हिवतापापासून माणसे वाचवली, हे मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे. तरी 1989 मध्ये शेतीतला तिचा वापर भारताला थांबवावा लागला. उंच वाढलेल्या झाडांच्या रानावर तर फवारणी परवडतही नाही आणि शोभतही नाही, कारण इथला प्रत्येक ओहोळ पाताळगंगेला मिळतो. म्हणून सागावर अळी पडली की मालक हातावर हात ठेवून बसतो. पावसाच्या सुरुवातीला एक अळी कोवळी पाने फस्त करते. पाऊस सरताना दुसरी येते, ती पानाच्या शिरा तेवढ्या ठेवून मधला हिरवा भाग खरवडते. ते पान उजेडाकडे धरले तर चाळणीसारखे आरपार दिसते.

पक्षी यावर किती उपयोगी पडतील? पुरावा तपासूनच उत्तर द्यायला हवे. बिहारमधल्या पुसा इथल्या कृषी संस्थेत मेसन आणि मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी शेकडो पक्ष्यांच्या पोटातले अन्न तपासून 1912 मध्ये त्याचा ग्रंथ प्रसिद्ध केला. कोणता पक्षी शेतकऱ्याचा मित्र हे तेव्हापासून आपल्याकडे नुसत्या अंदाजावर राहिले नाही. पेट्यांचा पहिला मोठा पुरस्कर्ता जर्मनीतला बॅरन फॉन बेर्लेप्श. सुतार पक्ष्याने कोरलेल्या ढोल्या उभ्या चिरून त्याने त्यांचा आतला आकार पाहिला आणि ओंडक्यातून तशाच पेट्या करवून घेतल्या. 1905 मध्ये ओकच्या अळीने तिथले हायनिखचे रान उघडे केले तेव्हा त्याचे पेट्यांचे रान हिरवे राहिले, असे त्याच्या बाजूने नेहमी सांगितले जाते. या दाखल्यावर मी फार भार टाकणार नाही. एक रान म्हणजे प्रयोग होत नाही, आणि सांगणारे त्याचेच चाहते होते. अधिक भक्कम पुरावा 2002 मध्ये नेदरलँड्समधून आला. तिथे सफरचंदाच्या बागांत वल्गुलीच्या जातभाईंना पेट्या देऊन तुलना केली, तेव्हा झाडामागे उत्पन्न 4.7 किलोवरून 7.8 किलोवर गेलेले आढळले. आपली राखी वल्गुली अगदी अलीकडेपर्यंत त्याच जातीची पोटजात गणली जाई.

इथे हरकत येते की बाग वेगळी आणि कोकणातले रान वेगळे. हरकत योग्य आहे. सागाची पाने खाणाऱ्या अळीचे पतंग एकदम झुंडीने उतरतात, आठवडाभरात अळ्यांची संख्या अशी फुगते की कोणत्याही पक्ष्याला ती आवरणार नाही. पेट्यांनी साथ थांबेल असे सांगणारा लोकांची फसवणूक करतो. पक्ष्यांचे काम साथीच्या आधीचे आहे. अळ्या थोड्या असतात तेव्हा रोज टिपत राहून ती संख्या थोडीच ठेवण्याचे ते काम, आणि जिथे पक्षी राहतो तिथेच ते होते. हरभऱ्यातल्या घाटे अळीसाठी कृषी खाते पक्षीथांबे उभारायला सांगते त्यामागेही हाच विचार आहे. फक्त थांब्यावर कोतवाल पक्षी घटकाभर बसतो, पेटीत बिऱ्हाड राहते आणि पिलांसाठी दिवसभर फेऱ्या होतात.

दुसरी हरकत मला अधिक महत्त्वाची वाटते: पेटी टांगली म्हणजे जबाबदारी संपली असे होईल. महाराष्ट्रात चिमणीसाठी घरोघर खोकी लागली, त्यातून जिव्हाळा वाढला हे खरे. पण रानाला एकाच मापाची खोकी पुरत नाहीत. वल्गुलीला तीन सेंटिमीटरचे भोक पुरते, दयाळला पाच-सहा लागते. फळी दोन सेंटिमीटर जाडीची, बिनरंगाची हवी, तळाला पाणी निथळायला बारीक छिद्रे हवीत, आणि तोंड पश्चिम आणि नैर्ऋत्य दिशा टाळून हवे, नाहीतर पहिल्याच पावसात घरटे भिजते. शिवाय सगळ्यांना पेटी चालत नाही. तांबट आपली ढोली स्वतः कोरतो. पांगारा, सावर, शेवगा अशा मऊ लाकडाची वठलेली, तिरकी फांदी तो निवडतो आणि भोक खालच्या अंगाला पाडतो, पाऊस आत जाऊ नये म्हणून. त्याने सोडलेली ढोली पुढे इतरांच्या कामी येते. म्हणून पेट्या टांगणाऱ्याने बांधावरचा पांगारा वठला तरी उभा ठेवावा आणि वरकसात कुठे राबाच्या काळातला गाठाळ ऐन उरला असेल तर त्याला कुऱ्हाड लावू नये.

उरली साळुंकीची भीती. 1762 मध्ये टोळांचा नाश करण्यासाठी भारतातून साळुंक्या मॉरिशसला नेल्या. त्यांनी टोळ खाल्ले, पण आज जगातल्या अनेक बेटांवर हीच साळुंकी तिथल्या पक्ष्यांच्या ढोल्या बळकावते. लोधिवलीच्या रानात ती परकी नाही, आणि अळ्या-टोळ ती इथेही खातेच. तरीही दयाळसाठी टांगलेल्या पेटीवर पहिला हक्क तीच सांगेल, हे धरूनच चालावे. मोठ्या भोकाच्या पेट्या थोड्या आणि लांब लांब लावाव्यात, लहान भोकाच्या जास्त, आणि सगळ्या माघ सरायच्या आत.